कमरेइतकी खोल हिरवळ

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मोजणी खात्यातले एक निवृत्त साहेब बागेतल्या हिरवळीवर फिरायला उतरले आणि कमरेपर्यंत खाली गेले. हिरवळ म्हणजे गावचं जुनं तळं होतं. टिकलीहून लहान पानांचा थर पाण्यावर असा दाट पसरला आहे की काठ कुठे संपतो हे बेडकालाही विचारून घ्यावं लागतं. काठाशी बसलेल्या नावाड्याने वल्हं पुढे करून साहेबांना बाहेर ओढलं.

“साहेब, तळं आहे हे!”

“नकाशात हिरवा रंग आहे,” साहेब उरलेल्या एका चपलेतला गाळ झाडत म्हणाले. “मी स्वतः भरलाय.”

(रंग हिरवाच होता. त्याच दिवशी खात्री करण्यात आली.)

चौकशी दोन खात्यांनी केली, कारण पाण्यावर तरंगतं ते बागखात्याचं आणि तळाशी बसतं ते पाणीखात्याचं. मधल्या पाण्यावर अद्याप कोणी हक्क सांगितलेला नाही. या पानांमुळे बागखात्याला सलग तीन वर्षं हिरवाईची ढाल मिळाली आहे. माळ्याशिवाय वाढणारी आणि चार दिवसांत दुप्पट होणारी बाग दुसऱ्या कुठल्या गावाकडे आहे? पाणीखात्याचं म्हणणंही तितकंच वजनदार. तळ्याची खोली बारा फूट, पैकी नऊ फूट गाळ. गाळ नसता तर साहेब बुडाले असते. सबब गाळ ही सुरक्षेची सोय असून तिची वाढ (दरवर्षी तीन बोटं) समाधानकारक आहे.

पानं काढली तर गाळाला काम उरत नाही, आणि गाळ काढला तर पानांवर फिरायला जाणाऱ्यांचं काही खरं नाही. म्हणून दोन्ही एकाच वेळी काढावं, असं संयुक्त अहवालात म्हटलं आहे. दोन्ही खात्यांची जेवणाची सुट्टी वेगवेगळ्या वेळी असते, त्यामुळे ते शक्य नाही, असंही त्याच अहवालात म्हटलं आहे.

अडचण एकट्या नावाड्याची होती. वर्षात तळ्याला एक पूर्ण फेरी झाली नाही तर नावेचा परवाना रद्द होतो. मुदत येत्या शुक्रवारची. नाव पानांत अशी मढली आहे की बागखात्याने तिची नोंद झुडूप म्हणून केली आहे. त्याने जाळं टाकून स्वतःच पानं ओढायला घेतली, तेव्हा बागेची नासधूस केल्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली.

“मग मी काय हिरवळीवर वल्हवू?” त्याने बागखात्याच्या तीन नंबरच्या खिडकीवर विचारलं.

“वल्हवा की! मनाई कुठेय?” कारकूनबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “हे बघा दादा, एक अर्ज आहे. ‘खाली पाणी आहे’ असं दोन नागरिकांनी सहीनिशी लिहून दिलं, की पानं काढायची परवानगी मिळते.”

“साहेबांकडेच जा,” घरी बायको म्हणाली. “आत जाऊन बघून आलेत ते.”

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “मी हिरवळीवर घसरलो. दव होतं.”

“कमरेपर्यंत?”

“यंदा जास्त पडलंय.”

तळ्याभोवती बासष्ट घरं आहेत. एकसष्ट घरांनी, खिडकीतून छान दिसतं, मोडता कशाला, असं विचारलं. बासष्टाव्या घराने डासांमुळे दारच उघडलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता अर्जावर एक सही होती, नावाड्याच्या बायकोची. (घरच्यांना मनाई करायचं नियमात राहून गेलं आहे.) दुसरी ओळ रिकामी आहे. तिथे कोणाही नागरिकाची सही चालते, आणि खिडकी शुक्रवारी दहा ते पाच उघडी आहे. खाली पाणी आहे हे एव्हाना आपल्यालाही पक्कं ठाऊक झालं आहे. कारकूनबाई पेनचं टोपण काढून बसल्या आहेत, आणि आपण अजून हसतोच आहोत.