उलटं पातं

“त्याला सांग, पेट्रोल जुनं झालंय,” मास्तर म्हणाले.

“भावजी, पेट्रोल जुनं झालंय म्हणतात,” वहिनी म्हणाल्या.

भावजी मास्तरांपासून दोन हातांवर उकिडवे बसले होते. मध्ये होतं फक्त गवत कापायचं मशीन. त्यांना सगळं स्पष्ट ऐकू गेलं होतं, तरी वहिनींचं बोलून होईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, “वहिनी, दादाला म्हणावं, नाक मलाही आहे.”

सात महिने हे असंच चाललं होतं. मास्तरांनी तीस वर्षं तंत्रशाळेत यंत्रं शिकवलेली, धाकटे भाऊ दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. भिंतीला भिंत लागून दोघांची घरं, अंगण एक, मशीन एक. सात महिन्यांपूर्वी मास्तरांनी मशीनच्या पात्याला धार लावून ते परत बसवलं आणि गल्लीतल्या पाच जणांसमोर भावजी बोलून गेले, “दादा, पातं उलटं बसवलंयस की काय? गवत कापलं जात नाहीये, नुसतं झोपतंय!” लोक हसले. “तू गोळ्या मोज,” मास्तर म्हणाले. मशीन शेडमध्ये गेलं, आणि निरोपांचं काम वहिनींच्या गळ्यात पडलं.

एवढ्यावर थांबतं तरी ठीक होतं. पण भावजींची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, लेक लांबच्या शहरातून रोज फोन करून बोलवायची, आणि दादा बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी एक दिवस घर विकायचं ठरवून टाकलं. आज चार वाजता घेणारे बघायला येणार होते. अंगणात गवत गुडघ्याएवढं.

“माझ्यामुळे त्याचं अडलं असं कुणी म्हणायला नको,” म्हणत मशीन बाहेर काढलं ते मास्तरांनीच. दुपारी मात्र ते अर्ध्या जेवणावरून उठले होते. वहिनींनी भावजींना ‘जाऊ नका’ म्हणून दहादा सांगून पाहिलं होतं. पण भावजींना ते एकाच तोंडून ऐकायचं होतं, आणि नेमकं तेच तोंड शिवलेलं!

जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं. मशीन ढिम्म. प्लग काढला, तो काजळीनं काळाकुट्ट. मास्तरांनी घासला, भावजींनी पुसला, आणि दर वेळी तो वहिनींच्या तळहातावरून गेला, कारण एकमेकांच्या हातात द्यायचा नव्हता. मग मशीन सुरू करायची दोरीच ओढली जाईना.

“पात्यात गवत अडकलंय. त्याला सांग, मशीन आडवं करायचंय, पण फिल्टर वरच्या बाजूला ठेवून.”

“भावजी, मशीन आडवं करायचंय...”

भावजींनी केलं.

“...पण फिल्टर वरच्या बाजूला ठेवून,” वहिनींनी निरोप पुरा केला. तोवर फिल्टर खाली गेला होता आणि इंजिनातलं ऑईल निवांतपणे त्यात उतरत होतं.

“गाढवा!” मास्तर ओरडले. मग भानावर येऊन म्हणाले, “त्याला सांग, गाढवा म्हणालो.”

“भावजी, हे...”

“पोचलं, वहिनी.”

मशीन दुसऱ्या कुशीवर वळवलं. मास्तर काडीनं वाळलेलं गवत खरवडू लागले आणि अचानक थांबले. पात्याची वळलेली टोकं जमिनीच्या बाजूला होती. ती इंजिनाकडे हवीत, हे त्यांनी शेकडो पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं.

भावजींनीही ते पाहिलं. वहिनींनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आता भावजी बोलणार, आणि मग उरलंसुरलंही संपणार!

भावजी उठले. “वहिनी, जरा साबणाचं पाणी द्या. फिल्टर धुतो.” आणि मशीनकडे पाठ करून ते फिल्टरमधला तळहाताएवढा स्पंज तब्बल पाव तास धूत बसले. तेवढ्यात मास्तरांनी बोल्ट काढला, पातं फिरवलं, घट्ट केलं आणि उगाच खाकरले.

चारला पाच मिनिटं कमी. दांड्यावरची पट्टी दाबून धरायची आणि दोरी ओढायची, हे दोन्ही एकाला जमायचं वय दोघांचंही सरलं होतं. भावजींनी पट्टी धरली, मास्तर दोरी ओढू लागले. सहाव्या झटक्याला मशीन असं कडाडलं की शेजारचं मांजर छपरावर गेलं. सांडलेलं ऑईल जळून पांढऱ्या धुराचा लोट उठला.

त्या धुरात वहिनींना मास्तरांचं तोंड हलताना दिसलं. शब्द एकही ऐकू येईना, पण एवढं तर ते सात महिन्यांत बोलले नव्हते. ऐकू जाणार नाही याच भरवशावर बोलत असावेत. भावजींनी मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून. मास्तर आणखी ओरडले. शेवटी नीट ऐकावं म्हणून भावजी पुढे वाकले आणि त्यांच्या हातून पट्टी सुटली. पट्टी सुटली की हे मशीन जागच्या जागी बंद पडतं.

“...उलटंच होतं रे! चुकलं माझं! तू जाऊ नकोस!”

अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. तीन खिडक्या उघडल्या.

भावजींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. “हे आधी बोलायला काय झालं होतं रे तुला, दादा? लेकीला शब्द देऊन बसलोय मी.”

“मी बोलतो तिच्याशी. लाव फोन.”

“मी लावू? बोलणार तू आणि लावू मी?”

“चष्मा नाहीये माझ्याजवळ!”

“नसेलच! पातं बसवतानाही नव्हता!”

“पुन्हा तेच! पुन्हा तेच काढलंस?”

आवाज चढत गेले. धूर विरळ झाला तेव्हा वहिनींना फाटकाशी उभं जोडपं दिसलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला होता.

“काकू, हे शेजारचे का? असे नेहमी भांडतात?”

वहिनींनी मनगटानं डोळे पुसले. इतका आनंद त्यांना कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

“रोज! सकाळ-संध्याकाळ!” त्या म्हणाल्या. “आणि भिंती अगदी पातळ आहेत हो.”

जोडप्यानं एकमेकांकडे पाहिलं. फाटकाची कडी वाजली तसं भावजींनी मान वळवली.

“कोण होतं हो, वहिनी?”

“पत्ता चुकले होते,” वहिनी म्हणाल्या.