एका घोंगडीवरची सुनावणी

शिंगाडेमामांशी भांडायचं असेल, तर आधी त्यांच्या शेजारी बसावं लागतं. उभ्यानं ते कुणाशी भांडत नाहीत. खांद्यावर काळी घोंगडी बारा महिने असते, मे महिन्यातसुद्धा. वाद निघाला की ती जमिनीवर पसरायची, एका टोकाला स्वतः बसायचं आणि समोरच्याला दुसरं टोक दाखवायचं. "बसा. उभ्यानं न्याय होत नाय."

विजेचं मीटर बघायला आलेला माणूस आकडा चुकवून गेला, तर दुसऱ्या महिन्यात मामांनी त्याला भर उन्हात हेल्मेटसकट घोंगडीवर बसवलं. आकडा दुरुस्त झाला, कारण त्या बिचाऱ्याला अजून साठ घरं करायची होती. निवडणुकीत भोंगा लावून आलेल्या रिक्षातल्या चौघांनाही त्यांनी असंच बसवलं. त्यातला एक तिथंच झोपला. मामा म्हणाले, "बघा, बिचारे किती दमल्यात," आणि बाकीच्या तिघांनी आवाज कमी केला.

आमचं दोघांचं घर गारखेड्यात, शेजारी शेजारी. मधे कमरेएवढी भिंत. ते मूळचे शेंद्र्याकडचे, घर मेंढपाळांचं. माळरानावर कारखाने आले तेव्हा हे शहरात आले. मी साळवे, चितेगावच्या एका कारखान्यातून हजेरी कारकून म्हणून निवृत्त झालेला. आज हे लिहितो आहे, कारण मामांच्या बाबतीत गल्लीत एक खोटी गोष्ट रुजली आहे आणि ती मी रुजू दिली.

घोंगडीचा नियम त्यांच्या वडिलांचा. "माझा बाप मेंढरं घेऊन निम्मा मराठवाडा फिरला," मामा सांगतात. "मेंढरांच्या वाड्यावर भांडान झालं की दोघं एका घोंगडीवर. निवाडा झाल्याबिगर उठायचं नाय, मुतायलाबी नाय. म्हनून निवाडे लवकर व्हायचे."

दुसरा नियम मामांनी स्वतः घातलेला. एक जण बोलत असताना दुसऱ्यानं कानात बोटं घालायची. मी एकदा म्हणालो, "मामा, न्यायात उलट ऐकून घ्यायचं असतं." त्यावर ते म्हणाले, "पंचानं ऐकावं. आपन ऐकलं की उत्तर सुचतं, अन् उत्तर सुचलं की आपलं खरं काय व्हतं ते इसरतं."

त्यांचं तिसरं वेड म्हणजे हौद. आमच्या घरांसमोरून पूर्वी मेंढरांची वाट जायची. आता तिथं चार मजली इमारती आहेत, पार्लर आहे, दोन कोचिंग क्लास आहेत. तरी मामांनी दारासमोर सिमेंटचा बुटका हौद बांधला आणि ते तो रोज भरतात. त्यात चिमण्या अंघोळ करतात, गल्लीतली कुत्री पाणी पितात. एकदा पार्सल पोचवणाऱ्यानं त्यात तोंड धुतलं आणि मामांनी त्याला टॉवेल दिला. मेंढरं मात्र वर्षातून एकदा येतात, फार तर दोनदा, आणि तीही दुष्काळ असेल तर. कुणी हसलं की मामा म्हणतात, "रस्ता मानसं इसरत्यात, मेंढरं नाय."

हौदाला पाणी कुठलं, तर बोअरचं, आणि ती बोअर आम्ही दोघांनी मारलेली. मागच्या एका दुष्काळात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरला आणि नारळ उभा राहिला तो मामांच्या अंगणात, भिंतीला लागून. पण त्यांच्याकडं मशीन आत जाईना. म्हणून हातभर अलीकडं, माझ्या अंगणात बोअर घेतली. खर्च निम्मा-निम्मा, कागद काही नाही, वीजजोडणी माझ्या नावावर. पाणी लागलं तेव्हा मामांनी भंडारा उधळला आणि मला घोंगडीवर बसवलं. मी म्हटलं, आपलं कुठं भांडण आहे? ते म्हणाले, "नसंना. बसा."

काही वर्षांनी मी वरचा मजला चढवला. शेंद्र्याच्या कंपन्यांत काम करणारे सहा भाडेकरू ठेवले. त्यातच पुन्हा पाऊस दडी मारून बसला. बोअर तासाभरात हवा ओढायला लागली. मी मामांकडं जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह आधी दिवसाआड बंद केला, मग रोजचाच बंद केला. ते घोंगडी घेऊन आले. मी बसलो नाही. दारातून, उभ्यानंच सांगितलं की बोअर माझ्या अंगणात आहे.

आणि शिकलेला माणूस असल्यामुळं मी आणखी एक केलं. कोर्टात जाण्याआधी ऑनलाइन मध्यस्थी करून मिळते, तिथं मोबाइलवरून अर्ज टाकला. बोअर माझ्या एकट्याची, शेजाऱ्याला मी केवळ सद्भावनेनं पाणी देत आलो, असं लिहिलं. अर्ज भरायला वीस मिनिटं लागली.

सुनावणीची लिंक आली. मामांकडं बटणांचा फोन, त्यात लिंक कशी उघडणार? मध्यस्थ मॅडमनी त्यांना सेवा केंद्रात जाऊन बसायला सुचवलं. मामा म्हणाले, वेगवेगळं बसून कसला निवाडा? एकत्र बसायला तुमची हरकत नाही ना, असं मॅडमनी पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी नाइलाजानं परवानगी दिली. अशा रीतीनं, सकाळी अकरा वाजता, माझ्या गच्चीवर टाकीच्या सावलीत, अर्जदार आणि जाबदार एकाच घोंगडीवर, एकाच फोनपुढं बसले. फोन अर्जदाराच्या हातात होता.

मॅडम तरुण होत्या, कानाला हेडफोन. त्यांनी आधी विचारलं, "शिंगाडेकाका, तुमच्यावर कसला दबाव तर नाही ना?"

"हाय की," मामा म्हणाले. "गुडघ्यावर. फार वेळ बसलं की येतो."

मग त्या म्हणाल्या की मी एकेकाशी स्वतंत्र बोलेन, दुसऱ्यानं आत जावं. मामा घोंगडीवरून उठायला तयार होईनात. त्यांनी आपला नियम समजावून सांगितला, कानात बोटं घातली, डोळे मिटले आणि काही ऐकू येऊ नये म्हणून तोंडानं गुणगुणायला लागले. मॅडमना हसू आवरेना. त्यांनी मान्य केलं. त्या गुणगुणण्याशेजारी बसून मी सगळं खोटं सांगितलं. माझा आवाज कुठं कापला नाही.

मग मामांची पाळी आली. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, त्यांनी बोटं काढली. नियमाप्रमाणं आता मी कान बंद करायला हवे होते, पण हातात फोन होता. मामा तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या मनात आलं, आता हे बोअरचं खरं सांगणार. आणि माझ्या अंगठ्यानं आवाजाचं बटण बंद केलं.

गल्ली म्हणते, म्हाताऱ्याला मॅडमपुढं बोलताच आलं नाही. हे खोटं आहे. मामा दहा मिनिटं बोलले, आणि मी त्यांना इतकं नीट बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पडद्यावर मॅडम कानाकडं बोट दाखवत होत्या, हात हलवत होत्या. मामा मला हळूच म्हणाले, "हात हालवतीय बघा. लई ध्यान देऊन ऐकतीय बाई." आणि अजून उत्साहानं बोलायला लागले.

ते बोलणं जगात फक्त मी ऐकलं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

"बाई, साळवेसायबाची चूक काय नाय. त्यांच्या घरात मानसं वाढली, धुनं-आंघुळ समदं आलं. बोअर आमी दोघांनी मारली, पर पानी कमी हाय तवर आधी त्यांनी घ्यावं. मला एकट्याला दोन घागरी लई झाल्या. माझी बायको दवाखान्यात व्हती, तवा ह्या मानसानं अकरा दिवस डबा आनला. कंपनीतनं सुटला की थेट तिथं. त्याच्यावर मी केस कशाला करू? माझं म्हननं हौदापुरतं हाय. मेंढक्याला शहरात कुनी दारात उभं करत नाय. लेकरंबाळं, मेंढरं, समदी तहानलेली जात्यात. मी हाय तवर हौद भरीन. माझ्या माघारी साळवेसायब भरतील, ठावं हाय मला. पर त्यांच्या पोरांना कागद दावावा लागंल. तेवढा लिहून द्या."

डबा मी विसरून गेलो होतो. अकरा दिवस तर मोजलेच नव्हते.

आवाज सुरू करायला अंगठा अर्धा इंच सरकवायचा होता. पण 'आमी दोघांनी मारली' हे तीन शब्द ऐकू गेले असते, तर दहा मिनिटांपूर्वीचा मी खोटा ठरलो असतो. मी अंगठा हलवला नाही. मामांनी बोलणं संपवलं, मॅडमना हात जोडले आणि आता माझी पाळी असेल म्हणून शहाण्यासारखी कानात बोटं घातली. मग मी बटण दाबलं आणि म्हणालो, "नेटवर्क गेलं होतं मॅडम. मामांचं म्हणणं इतकंच, की साळवे देतील तेवढं पाणी मान्य आहे."

संमतीचा आकडा मामांच्या फोनवर आला. त्यांनी तो फोन मलाच दिला, "बघा काय म्हनतोय." मी आकडा मॅडमना वाचून दाखवला. करार झाला. जिना उतरताना त्यांनी विचारलं, हौदाचं आलं का कागदात? मी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर कट्ट्यावर चर्चा व्हायची की या ऑनलाइन न्यायात काही दम नाही, गरिबाचं ऐकूच येत नाही. मीही मान डोलवायचो. सगळा दोष मी फोनवर आणि नेटवर्कवर जाऊ दिला. मामांचा व्हॉल्व्ह माझ्या मर्जीनं उघडायचा, बहुतेक बंदच असायचा. हौद मात्र रोज भरलेला दिसायचा. कुठून, हे मी बघायचं टाळलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी गल्लीत घंटांचा आवाज आला. पन्नास-साठ मेंढरं, एक मेंढका, त्याची बायको, तट्टाच्या पाठीवर बांधलेलं बाळ. हौद दोन मिनिटांत आटला. मामा घरातून बादल्या आणत होते. खिडकीतून पाहिलं, तर ते टँकरच्या पिंपातलं, स्वतःच्या पिण्याचं पाणी उपसून हौदात ओतत होते. ओतता ओतता मेंढक्याशी पाहुण्यासारखं बोलत होते, कुठून निघाला, वाटेत चारा कसा आहे.

मी खाली जाऊन व्हॉल्व्ह उघडला. मग त्यांच्या पायरीवर बसलो आणि बटणाची सगळी हकिगत सांगून टाकली.

मामा म्हणाले, "ठावं हाय."

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बटणाच्या फोनवर फोन केला होता. नेटवर्क गेलं नव्हतं, तुमच्या बाजूनं आवाज बंद केला होता, मला इथं नोंदीत खूण दिसते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. कराराचा मजकूर वाचून दाखवला होता. पुन्हा सुनावणी घेऊ, असंही म्हणाल्या होत्या. ज्या यंत्राला मी वर्षभर नावं ठेवू दिली, ते खरं बोललं होतं, आणि त्यापलीकडं बसलेली बाईसुद्धा जागी होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलो, मिटलं तेवढं बरं."

"पण का?"

मामांनी बादली उचलली. "ती मागची मेंढी लंगडती जरा," म्हणाले आणि तिकडं गेले.

त्याच दुपारी मी मॅडमना सगळं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला. मला वाटलं झापतील. त्या म्हणाल्या, "साळवेकाका, स्वतःविरुद्ध अर्ज करणारे माझ्याकडं तुम्हीच पहिले. दोघांची संमती असेल तर करार नव्यानं करू. या वेळी फोन शिंगाडेकाका धरतील."

मामांनी फोन धरला, तो असा की मॅडमना अर्धा वेळ त्यांचा कान आणि अर्धा वेळ टाकी दिसत होती. मी बटणाचं सांगितलं. मग मामांचं वर्षापूर्वीचं बोलणं, आठवलं तसं, डब्यासकट सांगितलं. मॅडम टाइप करत गेल्या. बोअर दोघांची. रोजचं पहिलं पाणी हौदाला. त्यानंतरचं पाणी टंचाई हटेपर्यंत घरातल्या माणसांप्रमाणं. हौदाचं कलम दोघांच्या वारसांनाही लागू.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शिंगाडेकाका, अजून काही घालायचं आहे?"

मामांनी माझ्याकडं चोरून पाहिलं. मग फोन तोंडाच्या अगदी जवळ नेऊन, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, "एक हाय. साळवेसायब पयले सांजच्याला येऊन बसायचे. केस केल्यापासनं येत नायत. ते लिहिता येतं का?"

मॅडम म्हणाल्या, "काका, असं कलम करारात घालत नाहीत हो."

"मग ऱ्हाऊ द्या." फोन खाली गेला. मॅडमना आता फक्त गच्चीची फरशी दिसत असणार.

मी वाकून फोनमध्ये म्हणालो, "मॅडम, अर्जदाराची संमती आहे. लिहा."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. त्यांनी वाचून दाखवलं: अर्जदार रोज संध्याकाळी जाबदारांच्या घरी एक तास बसतील.

मामांनी दुरुस्ती सांगितली. "कमीत कमी."

तीही घातली गेली. करार माझ्या कपाटात आहे आणि त्याची एक प्रत मामांच्या पत्र्याच्या पेटीत. पाण्याच्या वाटपाला टंचाई हटेपर्यंतची मुदत आहे. या शेवटच्या कलमाला मॅडमनी मुदत घातलेली नाही. राहून गेली की मुद्दाम घातली नाही, हे मी त्यांना विचारलेलं नाही.