तिकीट न विकणारे मास्तर

तिकीट मागायला आलेल्याला समजूत घालून घरी परत पाठवणारा स्टेशनमास्तर मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. नीळकंठराव. होटगीच्या पुढं, दोन पॅसेंजर थांबत एवढंच ज्याचं वैभव, अशा स्टेशनावर मी तारबाबू म्हणून रुजू झालो, तेव्हा ते तिथले मास्तर होते.

खिडकीशी कुणी आलं की चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कुठं?"

"सोलापूर."

"तिथं काय ठेवलंय?"

बाजाराला निघालेल्याला सांगत, सगळं महाग झालंय. लग्नाला निघालेल्याला, पंगती उठल्या असतील. देवाला निघालेल्या एका म्हातारीला तर "देव ऐकत नाही हो आजी, मी विचारून पाहिलंय," असं सांगून त्यांनी चक्क रडवलं.

एकदा बिरू धनगर मेंढरं विकून गिरणीत कामाला निघाला. मास्तरांनी गिरणीतली धूळ, चाळीतली खोली आणि खोकला यांचं असं वर्णन केलं, की तो गाठोडं उचलून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको खिडकीशी हजर.

"मास्तर, मेंढरं इकली की ओ! आता ह्यानं काय माज्या कोंबड्या राखायच्या? गाडी चालवायची न्हाय, तर टेशनाला कुलूप घाला की!"

मास्तरांनी मुकाट्यानं तिकिटावर शिक्का मारला. "जाऊ दे त्याला. इथं तरी काय ठेवलंय!"

मी हसलो. पोर्टर यल्लप्पा हसला नाही. त्यानं नंतर सांगितलं ते असं. मास्तरांची बायको कधीच गेलेली. मुलगी एकच, कमळ. तिला न्यायला सासरची मंडळी आली, तेव्हाही हे बोलून बसले, "कशाला नेताय? तुमच्याकडे काय ठेवलंय?" व्याही भडकले. मुलगी गेली ती गेलीच. माहेरी पुन्हा पाठवली नाही.

पुढं एके दिवशी ओळखीच्या गार्डानं निरोप आणला. जावयाची मद्रासकडे बदली झाली, उद्या संध्याकाळच्या मेलनं सगळं बिऱ्हाड निघणार. मेल आमच्याकडे थांबत नसे.

"तुम्ही सोलापूरला जा," मी म्हणालो. "तिथं गाडी थांबते. इथलं मी सांभाळतो."

"व्याही बरोबर आहेत. मला पाहून बिथरले, तर पुढं पोरीलाच ऐकून घ्यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, धुतलेला कोट घातला. मेलची वेळ झाली तेव्हा अंधारून आलं होतं. हिरवा दिवा त्यांनी यल्लप्पाच्या हाती दिला, ऑफिसातला कंदील उचलला, फलाटाच्या कडेला गेले आणि तो स्वतःच्याच तोंडाजवळ धरून उभे राहिले.

"मास्तर, हे काय?" मी विचारलं.

"अंधारात मी तिला दिसायला नको?"

मेल धडधडत आली. उजळलेल्या खिडक्यांची एक रेघ, धूळ, संपलं. मास्तर तसेच उभे.

"कुणी हात हलवला का रे?"

"हो तर," घाईत माझ्या तोंडून गेलं. "शेवटच्या डब्यातून. कमळच होती."

"शेवटचा गार्डाचा डबा असतो," ते हळूच म्हणाले.

मग कंदील तोंडाजवळून खाली घेत त्यांनी विचारलं,

"तरी सांग. कशी दिसत होती?"