खताचा ड्रम आणि माझीच मला नोटीस

मी कारकून आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं त्याचं तुम्हाला फार आश्चर्य वाटणार नाही. पाणीपुरवठा कार्यालयात तेवीस वर्षं एकाच टेबलाशी बसून मी एकच गोष्ट शिकलो: जे लेखी आहे ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. साहेब काही तोंडी बोलले की मी अदबीनं विचारतो, "लेखी मिळेल का?" (साहेबांना हे अजिबात आवडत नाही. पण तसं त्यांनी मला तोंडीच सांगितलंय, म्हणून मी ते धरत नाही.)

तर खताचं यंत्र घरी आलं त्या दिवशी मी एक लहानसा निर्णय घेतला. यंत्र जोडायला आलेल्या फिटरला चहा पाजायचा आणि त्याचं काहीही न ऐकता वाटेला लावायचं.

यंत्र आणलं होतं लिंबासाठी. आमच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ लिंबाचं झाड आहे. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं लावलेलं. लावलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. तेव्हापासून बायको त्या झाडाशी बोलते. (माझ्याशी बोलते त्यापेक्षा बऱ्या सुरात.) यंदा ऊन असं काही पेटलं की झाडाची पानं मुडपली, पिवळी पडली, एकेक करून गळायला लागली. एका संध्याकाळी ती झाडापाशी नुसती उभी होती.

"हे गेलं तर बाबांचं इथं काहीच उरणार नाही हो," एवढंच म्हणाली.

मी छाती पुढं काढून म्हणालो, "सहा आठवड्यांत या झाडाला खत घालतो. घरचं! यंत्रावरचं!"

यंत्र म्हणजे लोखंडी घोडीवर आडवा ठेवलेला एक मोठा ड्रम. बाजूला मोटर. बटण दाबलं की ड्रम गरगर फिरतो, आतली पाती कचरा खालीवर करतात. हवा खेळावी म्हणून वरच्या बाजूला भोकंच भोकं. (ही भोकं लक्षात ठेवा. मी ठेवली नाहीत.)

फिटरनं शेवटचा बोल्ट आवळला आणि कपाळ पुसत म्हणाला, "काका, एक सांगतो. आपल्याकडच्या उन्हात हे जरा..."

"सोबत पत्रक आहे ना?"

"आहे, पण काका, ते पत्रक..."

"तू जे सांगणार आहेस ते त्यात लेखी आहे का?"

"लेखी नाही. पण मी दहा घरी जोडलंय हे."

"मग राहू दे. चहा घे."

त्यानं चहा घेतला, बायकोकडे एकदा सहानुभूतीनं पाहिलं आणि गेला.

मी पत्रक वाचायला घेतलं. काय सुंदर पत्रक होतं! "यंत्र भरपूर ऊन मिळेल अशा जागी ठेवावे. ओल साचू देऊ नये. दिवसा झाकण उघडे ठेवावे. दर दोन तासांनी झाकण लावून पाच मिनिटे फिरवावे. उत्तम खतास दुर्गंधी येत नाही." एकही वाक्य वावगं नाही. बायको माझ्या खांद्यावरून डोकावत होती.

"अहो, या चित्रातली बाई स्वेटर घालून उभी आहे."

"मग?"

"कानटोपीपण आहे. आणि तिच्या मागं ते पांढरं काय, बर्फ का?"

"तू मजकूर वाच गं! चित्रं काय बघतेस लहान मुलांसारखी?" मी म्हणालो. हे बोलताना माझं बनियन घामानं पाठीला चिकटलेलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

ड्रम मी पुढच्या अंगणात ठेवला. दुपारी तिथल्या फरशीवर अनवाणी पाय टाकला तर माणूस आपोआप नाचतो, अशी जागा. एक रजिस्टर घातलं: तारीख, वेळ, फिरवल्याची मिनिटं, सही. मी ऑफिसला निघताना बायकोला चार्ज देत असे आणि संध्याकाळी परत घेत असे. ती सह्या करी. एकदा म्हणाली, "अहो, थोडं पाणी मारा ना त्यावर."

"ओल साचू देऊ नये. लेखी आहे!"

ती गप्प बसली. (समस्त नवरे मंडळींनी अशा गप्प बसण्याची नोंद घ्यावी. मी रजिस्टरात घेतली नाही.)

दुर्गंधी अजिबात येत नव्हती. मी ऑफिसात फुशारक्या मारायला लागलो. फक्त आवाज बदलत चालला होता. पहिल्या आठवड्यात ड्रम नुसता घुरघुरायचा. दुसऱ्या आठवड्यात आतून खसखस ऐकू यायला लागली. चौथ्या आठवड्यात तर ड्रमचा पार खुळखुळा झाला. शेजारच्या भिंतीवरून हेडमास्तर डोकावले. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण अख्ख्या गल्लीकडे ते अजून वर्गाकडे बघावं तसंच बघतात.

"काय हो, घरात लोहारकाम काढलंत का?"

"खत होतंय, सर," मी नम्रपणे म्हणालो.

"खताचा आवाज येतो?"

याचं उत्तर पत्रकात नव्हतं.

सहा आठवडे भरले. मी बायकोला बोलावलं, घमेलं खाली ठेवलं आणि ड्रम उपडा केला. खळ्ळकन आवाज झाला. काहीही कुजलं नव्हतं. एक कणसुद्धा नाही! आमच्या कचऱ्याला चिरंजीवपद मिळालं होतं.

बायकोनं त्यातलं एक कडक वेटोळं उचललं. "ही बघा, गेल्या महिन्यातली काकडीची साल. पाहुणे आले होते त्या दिवसाची. आणि हा बटाटा, सोलताना माझं बोट कापलं होतं तो." मग ती एकदम ओरडली, "अगंबाई, माझा चमचा!" हरवलेला चमचा सहा आठवडे घासून निघाल्यानं आरशासारखा लख्ख झाला होता. ती हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो, पण माझ्या डोळ्यांपुढं लिंबू होतं. मी शब्द दिला होता आणि तो वाळवून टाकला होता. मागं जाऊन झाड बघायची माझी छाती होईना. खरं सांगायचं तर महिनाभर मी तिकडं फिरकलोच नव्हतो.

मी मुकाट्यानं फिटरला फोन लावला.

"काका, ते पत्रक थंड मुलुखातलं, इथं नुसतं मराठी केलेलं आहे," तो म्हणाला. "तिथं कचऱ्याला पाणी सुटतं, म्हणून तो सुकवावा लागतो. आपल्याकडे सगळं उलटं. ड्रम सावलीत न्या, झाकण लावा, तीन दिवसांतून एकदाच फिरवा. आणि पाणी शिंपडा. मूठ आवळली की बोटांत थेंब दिसावा, एवढीच ओल."

"हे मला जरा लेखी..."

त्यानं फोन ठेवला.

पाणी! घोडं पेंड खात होतं ते इथंच. गावात तीन दिवसांआड पाणी येत होतं आणि दर खांबावर आमच्या कार्यालयाची नोटीस चिकटलेली होती. "नळाचे पाणी अंगणात, वाहनांवर अथवा अन्य कोणत्याही कारणास्तव ओतताना आढळल्यास कारवाई करण्यात येईल." त्यातलं "अथवा अन्य कोणत्याही कारणास्तव" हे मी स्वतः घातलं होतं. एकही पळवाट राहू नये म्हणून! त्या वेळी मला त्याचा कोण अभिमान वाटला होता.

रविवारी दुपारी अडीच वाजता गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बायको आत पंख्याखाली पडली होती. मी तो सगळा अमर कचरा पुन्हा ड्रममध्ये भरला, ड्रम ओढत ओढत हेडमास्तरांच्या भिंतीच्या सावलीत नेला आणि टॉवेलाखाली झाकून एक बादली आणली. ओतली. कचऱ्यानं ती घोटभर चहा प्यावा तशी पिऊन टाकली. दुसरी आणली. मग तिसरी. फिटर म्हणाला होता "शिंपडा", पण ते काही लेखी नव्हतं. चौथी बादली ओतून मी झाकण पक्कं लावलं आणि बटण दाबलं.

आता ती भोकं आठवा.

ड्रमनं चारी दिशांना असा फवारा सोडला की मला बटण दिसेना. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात कांद्याची टरफलं. निम्मं माझ्यावर आणि निम्मं भिंतीपलीकडे. तिथं दोरीवर हेडमास्तरांचे सहा पांढरेशुभ्र सदरे वाळत होते. बटण सापडेपर्यंत सहाही ठिपकेदार झाले.

हेडमास्तर बाहेर आले. सदऱ्यांकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या टरफलाकडे पाहिलं. ते भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले आणि लिहायला बसले.

मंगळवारी टपालात ते पत्र आलं. तक्रारींचं टपाल माझ्याच टेबलावर येतं. वळणदार अक्षर, डाव्या बाजूला समास सोडलेला. खिडकीतून मोजलेल्या चार बादल्यांचा वेळेसकट तपशील होता आणि शेवटी लिहिलं होतं, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. प्रस्तुत प्रकरणी पाषाण कोरडाही राहिलेला नाही." माझ्या तोंडचं पाणी पळालं. पत्र दडपून टाकावं, असा विचार मनात आला. पण ते लेखी होतं हो! लेखी कागद दडपायला माझा हात धजेना. मी ते साहेबांपुढं ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं. मग अतिशय गोड आवाजात म्हणाले, "नोटीस काढा. आजच. आणि हे घ्या, लेखी आदेश देतो."

मी मला नोटीस काढली. शिपायानं ती माझ्याच टेबलावरून उचलली, खोलीला एक वळसा घालून माझ्याच टेबलावर आणून दिली आणि पोच मागितली. मी सही केली. सात दिवसांत खुलासा मागितला होता, तो मी संध्याकाळपर्यंत लिहिला. मग नियमाप्रमाणे त्यावर कारकुनाचा शेरा हवा होता. मी खुलासा नीट वाचला आणि शेरा मारला: "खुलासा समाधानकारक वाटत नाही. स्थळपाहणी व्हावी." (काय करणार? खरोखरच नव्हता.)

शनिवारी साहेब स्थळपाहणीला आले. तक्रारदार म्हणून हेडमास्तरही हजर. सदरा ठिपक्यांचा, पुरावा म्हणून घालून आले होते. साहेबांनी ड्रमला एक फेरी मारली, पत्रकातली स्वेटरवाली बाई बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "ज्या झाडासाठी हा उपद्व्याप केलात, ते तरी दाखवा."

बायकोसमोर ते वाळकं खोड बघायची माझी तयारी नव्हती. पण तीच पुढं निघाली. आम्ही घराला वळसा घालून मागं गेलो.

झाड हिरवंगार होतं! शेंड्याला कोवळी तांबूस पालवी, आणि खालच्या फांदीवर वाटाण्याएवढी तीन लिंबं. मी डोळे चोळले. बायको फांदीवरून हात फिरवत होती.

"यंत्राशिवाय?" साहेबांनी विचारलं.

धुण्याच्या दगडामागं, भिंतीच्या सावलीत एक तडा गेलेला रांजण होता. तिनं त्यावरचं ओलसर पोतं बाजूला केलं. आत काळंभोर, भुसभुशीत खत.

"बाबा असंच करायचे," ती म्हणाली. "सावली, ओलं पोतं आणि भाज्या धुतलेलं पाणी. नळाचा एक थेंब वेगळा नाही. आणि हे ऑफिसला गेले की मी ड्रममधला वाळलेला कचरा ओंजळभर चोरायची. तो हातानं चुरला जातो, मग लवकर कुजतो. तेवढा उपयोग झाला हो यांच्या यंत्राचा."

"अगं, मग मला सांगायचंस तरी!" मी कळवळून म्हणालो.

"सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, लेखी आहे."

साहेब असे हसले की हेडमास्तरांनाही गांभीर्य टिकवता येईना. मला तोंडी समज देऊन प्रकरण मिटलं. (समज लेखी मिळावी असं मी म्हणालो नाही. माणूस शिकतो.) सहा सदरे मी स्वतः घासून दिले, भाज्या धुतलेल्या पाण्यात नव्हे. ड्रममध्ये मी आता इमानानं कचरा वाळवतो आणि बायको तो रांजणात कुजवते. दोघांचं छान जमलंय. लिंबं सुपारीएवढी झाली आहेत आणि ती रोज मोजते.

साहेबांनी मात्र हुकूम सोडला की बाईंची पद्धत सगळ्या गावाला कळवा. बायकोनं सांगितलं, मी लिहिलं, हेडमास्तरांनी लाल शाईनं सात चुका काढल्या. कागद सहीला गेला आणि छापून थेट खांबांवर लागला. सोमवारी ऑफिसला जाताना मी अभिमानानं पहिल्या खांबापाशी थांबलो. सगळ्यात खाली, सहीच्या वर, साहेबांनी स्वतःची एक ओळ घातली होती: "काही शंका असल्यास कारकुनाच्या पत्नीस विचारावे. कारकुनास विचारू नये."

मी तडक साहेबांच्या खोलीत गेलो आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणालो, "साहेब, हे तोंडी चाललं असतं."