सुकदेवअप्पांच्या गुडघ्याची परेड

आमच्या रनाळ्यात रोज सकाळी परेड व्हायची आणि तिला एकच जवान हजर असायचा: सुकदेवअप्पांचा उजवा गुडघा. मी शाळामास्तर, त्यांच्या भिंतीला भिंत. माझी झोप "जवान, सावधान!" या आरोळीनेच मोडायची. मग गुडघा वाकायचा, अप्पा कळवळायचे आणि त्या जवानाच्या सात पिढ्यांचा लष्करी हिंदीत उद्धार व्हायचा.

अप्पा पलटणीत हवालदार होते. पासष्टच्या लढाईत गुडघ्यात लोखंड शिरलं, ते पुण्याच्या लष्करी इस्पितळात काढलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "नुसत्या गोळ्यांवर राहू नका. शेक, मालिश, श्वास, चालणं, सगळं मिळून दुखणं हटतं." झालं! अप्पांनी उपचारांचीच पलटण उभी केली. गोळी म्हणजे कप्तानसाहेब. गरम वाळूची पुरचुंडी सुभेदार. निर्गुडीचा पाला आणि तिळाचं तेल हे साधे शिपाई. दीर्घ श्वास म्हणजे बिगूल, आणि तो इतका जोरात वाजायचा की आमची म्हैस दावं ओढायची.

"गोळी घ्या ना अप्पा," मी एकदा न राहवून म्हणालो.

"मास्तर, कप्तानले रोज रोज बलावानं नही. त्याना रुबाब जास!"

दुखणं लपवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पाय ठणकला की साऱ्या गल्लीला वर्दी जायची. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ते टाके दाखवत. "फार दुखतं का?" असं ज्याने विचारलं नाही, त्याच्याशी अबोला.

वाळू भाजणं, पाला बांधणं हे सगळं त्यांच्या बायकोकडे, काशीआक्कांकडे. "लढाई यासनी, हाल मन्हा!" असं त्या म्हणायच्या, पण शेक कधी चुकवायच्या नाहीत.

अशात सुरतेहून लेकीचा निरोप आला. दिवस भरत आले होते, घरात सासू नाही, आईने यावं. आक्का रडकुंडीला आल्या. "यासले असं सोडीसन मी कशी जाऊ?"

त्याच संध्याकाळी अप्पांनी जाहीर केलं, "मन्हा पाय बरा व्हयी गया!"

दुसऱ्या दिवशी आरोळी नाही. मला शाळेला उशीर झाला. त्यानंतर परेड चालायची ती मुक्यानेच.

निघायच्या दिवशी अप्पांनी ट्रंक स्वतः खांद्यावर घेतली. मी मागितली तर डोळे वटारले. स्टँडपर्यंत छाती काढून चालले, वाटेत विनोदसुद्धा केले. आक्कांची नजर मात्र त्यांच्या पायावरून हलत नव्हती. बसच्या खिडकीतून त्यांनी विचारलं, "खरंच दुखस नही ना?"

"आवं, ती गोष्ट जुनी व्हयनी!" असं म्हणून या बहाद्दराने उजवा पाय जमिनीवर धाडकन आपटून दाखवला.

आक्का हसल्या. बस सुटली. अप्पा हात हलवत उभे होते, नंतर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मास्तर, बस दिसस का?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

मग अप्पांनी रस्त्यातच फतकल मारली आणि अशी बोंब ठोकली की हॉटेलवाला झारा हातात घेऊनच बाहेर धावला. मला हसू फुटलं.

"अहो, आक्कांना सांगायचं तरी! राहिल्या असत्या."

"म्हणीसनच नही सांगं," अप्पा घाम पुसत म्हणाले. "पोरले तठे कोणी नही, मास्तर. माले तुम्ही शेतस ना?"

आणि उठताना त्यांनी सगळा भार माझ्या खांद्यावर टाकला.