नाक, कान आणि टोपी

अंतिम सामन्याच्या सकाळी केस कापायची काही गरज नाही, असं बायकोचं मत होतं. कोचसाहेबांनी ते ऐकलं नाही. पेपरवाला फोटो काढायला येणार होता. न्हाव्याने गळ्याभोवती कापड बांधलं ते इतकं सैल, की कापलेल्या बारीक केसांपैकी निम्मे थेट कॉलरच्या आत गेले. घरी येऊन अंघोळ करावी, तर इमारतीची पाण्याची टाकी धुवायला काढलेली. नळाने एक सुस्कारा सोडला आणि तो गप्प झाला.

"ओल्या टॉवेलने अंग पुसून घ्या," बायको म्हणाली.

"टॉवेल ओला कशाने करू?" कोचसाहेबांनी चिडून विचारलं. तेवढ्यात खाली संघाच्या बसचा हॉर्न वाजला आणि ते तसेच निघाले.

बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींचा त्यांचा बेसबॉलचा संघ म्हणजे एकेक पोर हिरा होतं. 'तोफ' नावाने ओळखला जाणारा पोरगा चेंडू मारायचा तो मैदानाबाहेर शोधायला जावं लागायचं. 'खार' नावाची पोरगी पळायला लागली की धूळ तिच्या मागून पोचायची. लोक म्हणत, "कोचसाहेब, तुमचं नशीब थोर." कोचसाहेबांचा संताप व्हायचा. हुशार पोरांना शिकवण्यासारखं दुसरं दुखणं नाही. ढ मुलगा निदान ऐकल्यासारखं तरी करतो. ही पोरं आधी खेळून मोकळी व्हायची आणि मग सल्ला विचारायची.

म्हणून यंदा त्यांनी खुणांची पद्धत आणली होती. त्यांनी बाहेर उभं राहून टोपीला हात लावला, तर पळायचं. कानाला लावला, तर जागचं हलायचं नाही. नाकाला लावला, तर चेंडू जोरात न मारता नुसता बॅटसमोर टेकवायचा. या खुणांचा सराव ते घरी आरशासमोर करत. दर रविवारी जेवायला येणारा त्यांचा मेहुणा ते बघून हसायचा. मेहुणाही कोचच होता, आणि अंतिम सामना नेमका त्याच्याच संघाशी होता.

शेवटच्या डावापर्यंत घामाने कॉलरमधले केस सगळीकडे पोचले. कोचसाहेबांनी हात मांडीखाली दाबून बघितले, कुंपणाच्या खांबाला पाठ घासून बघितली. खांबाचा गंज सदऱ्याला लागला, खाज होती तिथेच राहिली. संघ एका धावेने मागे होता. खार धावेच्या चार टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्यावर, पहिल्या बेसवर उभी होती आणि तोफ बॅट घेऊन तयार होता. आता खारीला पळवायचं, असं ठरवून कोचसाहेबांनी हात टोपीकडे नेला आणि अर्ध्या वाटेत कान असा पेटला, की त्यांनी तो करकरा खाजवला.

म्हणजे हलू नको. ते मनातल्या मनात मेले. पण खार पळाली आणि सुखरूप दुसऱ्या बेसवर पोचली. कोचसाहेबांना हायसं वाटलं आणि लगेच अपमानही वाटला. कानाला हात लावलेला असताना ही पोरगी पळतेच कशी?

मग एक केस नाकाच्या शेंड्यावर आला. त्यांनी नाक चोळलं, पुन्हा चोळलं. चेंडू टेकवला जाणार म्हणून समोरच्या संघाची पोरं पुढे सरसावली. तोफने चेंडू त्यांच्या डोक्यावरून असा भिरकावला, की तो आणायला जायची कुणी घाईच केली नाही. खार आली, तोफ आला, दोन धावा झाल्या आणि सामना संपला.

सगळं मैदान नाचत होतं. कोचसाहेब मात्र धुमसत उभे होते. दोन खुणा, आणि दोन्ही धुडकावल्या.

तेवढ्यात मेहुणा तरातरा आला. "भाऊजी, घरच्या माणसाशी असं वागतात?"

"मी काय केलं?"

"कानाला हात लावून पोरीला पळवलंत. नाक चोळून उंच मारायला लावलंत. खुणा बदलायच्या होत्या, तर निदान रविवारी आरशासमोर तरी..." आणि मेहुण्याने जीभ चावली.

कोचसाहेब गर्रकन त्याच्याकडे वळले. "म्हणजे माझ्या घरी जेवून तू माझ्याच खुणा पाठ करत होतास?"

"समोर करता तर दिसणारच. डोळे मिटून जेवू का?"

"यापुढे जेवायलाच येऊ नकोस."

"मी येणारच नव्हतो," मेहुणा म्हणाला आणि त्याहून जास्त रागावून निघून गेला.

कोचसाहेबांनी पोरांना एका बाजूला घेतलं. "जिंकलात ते ठीक. पण खारे, मी कानाला हात लावला होता. का पळालीस?"

खारीने तोफकडे बघितलं, तोफने बुटांकडे.

"सर, आम्ही तुमच्या खुणा बघतच नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही खूण केली की ते लोक त्याप्रमाणे जागा बदलतात. आम्ही त्यांच्याकडे बघतो, आणि जिथे कुणी नसेल तिथे खेळतो."

"कधीपासून?"

"त्यांच्याशी पहिला सामना झाला तेव्हापासून."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही खुणा बंद केल्या असत्या," तोफ म्हणाला. "मग आम्ही हरलो असतो."

कोचसाहेबांनी तोंड उघडलं. वर्षभराच्या आरशाची, घशाला पडलेल्या कोरडेची, गुरूच्या मानाची बरीच वाक्यं तिथे जमा झाली होती. पण पेपरवाला वही घेऊन मधेच घुसला.

"साहेब, या विजयात तुमचा वाटा नेमका किती?"

सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती. वर्षभरात पहिल्यांदाच.

"शेवटच्या चेंडूपर्यंत," कोचसाहेब घुश्शातच म्हणाले, "मी खुणा थांबवल्या नाहीत."