वरचं असू दे

नेवसे सरांच्या वर्गात डस्टर नव्हतं. हरवलं नव्हतं की चोरीला गेलं नव्हतं. कर्जतच्या आमच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशीच सरांनी ते शिपायाच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "हे घेऊन जा. पोरांना वाईट सवय लागते." फळा भरला की सर भिंतीवर कोळशानं लिहायचे, भिंत भरली की व्हरांड्याच्या खांबांवर. दिवाळीच्या सुट्टीत शाळेला चुना लागायचा, तेव्हा ते गाव सोडून जायचे. त्यांना ते बघवत नसे.

एखाद्या पोराचं गणित चुकलं आणि त्यानं वहीतली शाई खरवडायला ब्लेड काढलं, की सर त्याचा हात धरायचे. "वरचं असू दे. खाली नवीन लिही. त्या बिचाऱ्यानं तुझं काय केलंय?"

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. खोडरबराशिवाय माझं पान हलत नसे. तरी आमचं जमलं, कारण दोघेही सडे आणि शेजारशेजारच्या खोल्यांत राहणारे. शिवाय सकाळचा चहा स्टँडवरच्या मौलाभाईकडे बरोबरच व्हायचा, आणि तिथं रोज फुकट तमाशा असायचा.

"मौलाभाई, काल हेच दूध, हीच साखर, हीच पत्ती होती ना?"

"व्हय सर."

"मग चहा वेगळा का?"

"आज घरी भांडान करून आलोय, सर."

"बघा," सर माझ्याकडे वळायचे. "आत तेच घातलं की बाहेर तेच आलं पाहिजे. यांच्या चहात बाहेरचं काहीतरी शिरतं." चहा अगोड झाला तरी त्यात वरून साखर घालू द्यायचे नाहीत. हा चहा म्हणजे हा चहा. गोड हवा असेल तर दुसरा करा. मौलाभाई मला हळूच म्हणायचा, "मानूस लई भला हाय. पन कुनीतरी दवा द्यायला पायजे."

मग सर उन्हाळ्याच्या सुट्टीत गणिताच्या शिबिराला पुण्याला गेले. तिथं त्यांना खोलीएवढं गणकयंत्र दाखवलं, आणि एकानं त्या यंत्राला हुकूम लिहून द्यायच्या एका भाषेची सायक्लोस्टाइल टिपणं दिली. त्या भाषेत नुसते कंसांत कंस, पण एखाद्या नावाला एकदा दिलेली किंमत पुसायची म्हणून नाही. दर वेळी नवी काढायची. सर परत आले ते लग्न ठरलेल्या मुलीसारखे लाजत आणि हसत. "अहो, यंत्रसुद्धा खोडत नाही," एवढंच म्हणाले.

ही भाषा नववीला शिकवायची, असं त्यांनी ठरवलं. यंत्र पुण्यात, पोरं कर्जतला, मधे दिवसभराची एसटी. "यंत्र राहू द्या तिकडे," सर म्हणाले. "लिहायला तर इथं येईल? त्यासाठी चांगली जागा करून देऊ. ती तुम्ही करायची."

चार रविवार मी सुतारकी केली. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या जोडून एक मोठा तक्ता केला, त्याला आडव्या खाचा पाडल्या. खाचांत सरकवायला पुठ्ठ्याच्या पट्ट्या. नावं हिरवी, आकडे निळे, कंस लाल. एका ओळीच्या पोटातली ओळ दोन बोटं आत सरकावी म्हणून खिळे मारले. कंस मात्र सरांनी स्वतः केले: उघडणारा आणि मिटणारा, दोघांना सुतळीनं एकमेकांशी बांधलं. एक लावला की दुसरा लोंबकळतो, मग विसरेल कोण? पट्ट्या हलवायला मुभा होती, पण आधीची मांडणी वहीत उतरवून घेतल्यावर. इतकं नेटकं डोकं मी जन्मात पाहिलेलं नाही. त्यापायी शाळेचा वर्षाचा लाल रंग आणि बहुतेक लाल शाई मी संपवली, त्याचंही मला काही वाटलं नाही.

हेडमास्तर येऊन बघून गेले. "अभ्यासक्रमात नाही हे," म्हणाले. पण तक्ता राहिला.

त्या साली पाऊस नव्हता. शाळेच्या विहिरीत रोज दोर सोडून सर वर्गाला पाणी मोजायला लावत. सुंद्रा नावाची मुलगी होती, जोगेश्वरवाडीकडच्या वस्तीवरून चालत यायची. तिनं विचारलं, "सर, हिरीचं पानी किती दिस पुरल, ते सांगल का तुमची मशीन?"

सर खुर्चीतून उठले. "तू लिहिलंस तर सांगेल."

आठवडाभर ती तक्त्यापुढून हलली नाही. शेवटी जे जमलं ते इतकं लहान होतं, की मलासुद्धा कळलं. पाणी संपलं असेल तर दिवस शून्य. नसेल तर आजचा एक दिवस, आणि उरलेलं पाणी जितके दिवस पुरेल तितके. हेडमास्तर म्हणाले, "हा तर भागाकार. पाचवीतलं पोर करील."

"करील," सर म्हणाले. "पण हिनं लिहिलेलं कुठल्याही विहिरीला चालेल."

सरांनी ते कागदावर उतरवून पुण्याच्या ओळखीच्या माणसाला पोस्टानं धाडलं. पंधरवड्यानं उत्तर आलं: यंत्रानं घेतलं नाही, एक कंस मिटायचा राहिलाय. कागदाला सुतळी नसते. चूक खुद्द सरांची होती. त्यांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं, भिंतीला चिकटवलं, खाली लिहिलं, 'ही माझी', आणि नवा कागद धाडला.

पण तोवर सुंद्रा शाळेत यायची थांबली होती. तिचं घर मिरजगावच्या रस्त्याला दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं होतं. वर्गातली आणखी तीन मुलं त्याच कामावर गेली, बाकीच्या वर्गांतलीही बरीच पांगली. महिनाभर सलग गैरहजर असलं की नाव पटावरून कमी, असा नियम. एकदा नाव कमी झालं की ती पोर परत दाखला काढून शाळेत येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"नेवसे, सोमवारी ती चार नावं कापा," हेडमास्तर म्हणाले.

"मी खोडत नाही, सर."

"हा तुमचा फळा नाही. सरकारी पट आहे."

"म्हणून तर नाही," नेवसे सर म्हणाले. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी पुण्याहून यंत्राचा लांबलचक, कडेनं भोकं पाडलेला कागद आला. उत्तर होतं, एकोणीस. अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर सर सायकल काढून म्हणाले, "चला, तिला दाखवून येऊ." मी डबलसीट बसलो.

सुंद्रा ढिगाशी बसली होती, भुवयांपर्यंत धुळीनं पांढरी. तिनं कागद दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "पन सर, येकोनीस दिस तर कवाच झालं. हिरीत आजून पानी हाय म्हनत्यात."

"आहे," सर म्हणाले. "तुझं चुकलेलं नाही. आपण जेवढी पोरं धरली होती, तेवढी पाणी प्यायला राहिली नाहीत."

तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचली. मग सरांनी पिशवीतून हजेरीपट काढला. मला वाटलं, आता काय? ते खडीच्या ढिगाशी ताठ उभे राहिले आणि त्यांनी चार नावं पुकारली. चारी पोरं हातोडे ठेवून उठली. मला कळलं, हे काही पहिल्यांदा होत नव्हतं.

"सुंद्रा."

"हजर, सर."

सरांनी खूण केली. मग अर्धा तास पुठ्ठ्याच्या पट्ट्या मातीत मांडून वर्ग झाला. सरांनी एका चिंधीत सुंद्रासाठी वेगळा संच करून दिलेला होता, कंस सुतळीसकट. मी सायकलची चेन बघत बसलो.

परतताना सर पुढं बघत म्हणाले, "मी पाचवीत असताना आमच्या घरानंही असंच गाव सोडलं होतं. परत येऊन पट पाहिला. माझ्या नावावर लाल रेघ. दोन वर्षं मी शाळेबाहेर काढली. कुणी तेवढी रेघ मारली नसती, तर तसाच जाऊन बसलो असतो हो."

सोमवारी हेडमास्तरांनी पट मागवला. दर शनिवारच्या खुणा त्यांना दिसल्या. "खडीवरची हजेरी ही काय हजेरी झाली?" ते म्हणाले, आणि नावं कापायला माझ्याकडे लाल शाई मागितली. शाळेत लाल शाई माझ्याकडेच असायची.

"संपली, सर," मी म्हणालो. "सगळी कंसांना लागली."

उरलेली अर्धी दौत माझ्या टेबलावर, त्यांच्या समोरच होती. हेडमास्तरांनी दौतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दाराशी नेवसे सर उभे होते, त्यांच्याकडेही पाहिलं. मग त्यांनी पट मिटून सरांच्या हातात दिला.

"बरं," ते म्हणाले, "असू दे."